वाळुंज मिळत नसेल तर मेस घ्या : लिलिएन्थालच्या ग्लायडरविषयी वाचकांचे प्रश्न

पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात टांगलेल्या ग्लायडरचा, म्हणजे इंजिनाशिवाय हवेत तरंगणाऱ्या विमानाचा, मागच्या अंकात मी ओझरता उल्लेख केला होता. ऑटो लिलिएन्थाल या जर्मन माणसाच्या १८९४ सालच्या ग्लायडरची ती पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. मुलांना हाताशी घेऊन ती मी बांधली. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी इंजिनिअर नाही. हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राच्या वर्कशॉपात २७ वर्षं लाकूड, प्लायवूड आणि कापडाची दुरुस्ती केली. ज्या ‘रोहिणी’ ग्लायडरमध्ये दोघं शेजारी शेजारी बसून शिकायचे, त्याच्या पंखांवर हात फिरवतच हे काम शिकलो. त्यामुळे माझी उत्तरं हाताची आहेत, पुस्तकाची कमी.

नववीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी जुन्या काळचा ग्लायडर पूर्ण आकारात करायचा आहे. राइट बंधूंचा करावा, केलींचा की लिलिएन्थालचा? आराखडे कुठून आणायचे? — एक शिक्षिका, सहकारनगर

बाई, लिलिएन्थालचा करा. का ते सांगतो.

सर जॉर्ज केली यांनी १८५३ मध्ये इंग्लंडात यॉर्कशायरच्या ब्रॉम्प्टन गावी आपल्या गाडीवानाला ग्लायडरमध्ये बसवून दरी ओलांडवली, असं सांगतात. त्याची प्रतिकृती १९७३ मध्ये डेरेक पिगट या निष्णात वैमानिकाने उडवूनही दाखवली. पण मूळ ग्लायडरचा फोटो नाही, तो ग्लायडरही शिल्लक नाही. केलींच्या लेखांतल्या आकृत्यांवरून बांधावं लागतं आणि अडलं की अंदाज करावा लागतो. नववीच्या मुलाने “हा दांडा इथेच का?” असं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर हवं.

राइट बंधूंचा १९०२ चा ग्लायडर मला मनापासून आवडतो. पण त्याचे पंख दुमजली, या टोकापासून त्या टोकापर्यंत ३२ फूट. शिवाय तोल सावरायला पंख पिळण्याच्या दोऱ्यांची सगळी यंत्रणा बसवायची. ते काम वर्षाचं आहे, दोन महिन्यांचं नाही.

लिलिएन्थालचा जो ग्लायडर मी म्हणतो, तो त्याने विकण्यासाठी एकाच नमुन्याबरहुकूम बनवला. त्याचा बर्लिनमध्ये बॉयलर आणि वाफेच्या इंजिनांचा कारखाना होता. तिथेच हे ग्लायडर तयार होत आणि एकाची किंमत ५०० मार्क होती. किमान नऊ विकले गेले. एकाच नमुन्याचे उडते यंत्र असे एकामागून एक बनवून विकण्याची ही जगातली पहिली वेळ. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ६.७ मीटर, म्हणजे २२ फूट. कापडाचं क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस मीटर, वजन २० किलो. मूळ ग्लायडर आजही वॉशिंग्टन, लंडन, म्युनिक आणि मॉस्को इथल्या संग्रहालयांत आहेत. ओटोमार आन्शुत्झसारख्या छायाचित्रकारांनी काढलेले फोटो आहेत, तेही उडत असतानाचे. म्हणजे अडलात तर पाहायला काहीतरी आहे.

आराखड्याचं म्हणाल तर त्याने अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. क्रमांक ५४४८१६, तारीख २० ऑगस्ट १८९५. त्यातल्या आकृत्या कुणालाही मोफत पाहता येतात. मी त्या मोठ्या करून घेतल्या आणि सभागृहाच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाचा पंख आखला. तुम्हीही तेच करा. कागदावर पंख छोटा वाटतो. फरशीवर आखला की मुलं त्याच्या कडेने चालत जातात, आणि हे एका माणसाने अंगावर घेतलं होतं हे त्यांना तेव्हाच पटतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. या पंखाचे दांडे आपल्या नेहमीच्या विमानासारखे नसतात. ते हाताच्या बोटांसारखे, वटवाघळाच्या पंखासारखे मध्यापासून बाहेर पसरतात आणि मुळाशी फिरतात. त्यामुळे पंख मागे मिटून घेता येतात. काम संपलं की मिटून भिंतीला लावून ठेवा, दारातूनही जातो. आणि पंख सपाट नाही, त्याला कमान आहे. ही कमान हेच लिलिएन्थालचं मोठं काम. त्याने भाऊ गुस्ताव याच्यासह लहानपणापासून करकोचे निरखले, मोठेपणी फिरत्या दांड्याला वेगवेगळे पृष्ठभाग लावून हवा त्यांना किती उचलते ते मोजलं, आणि १८८९ मध्ये सगळं छापून टाकलं. सपाट फळीपेक्षा किंचित कमानदार पृष्ठभाग कितीतरी जास्त उचलतो, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. म्हणून मुलांनी पंख सपाट बांधला तर दिसायला सारखा दिसेल, पण त्यातून लिलिएन्थाल निघून गेलेला असेल. कमान सोडू नका.

विलोचं लाकूड पुण्यात कुठे मिळेल? पीव्हीसी पाइप किंवा अ‍ॅल्युमिनियम वापरलं तर स्वस्त आणि टिकाऊ होईल ना? — एक पालक, वारजे

विलो म्हटलं की आपल्याला क्रिकेटची बॅट आठवते. पण लिलिएन्थालने वापरल्या त्या विलोच्या लवचीक काठ्या. विलोचा सख्खा भाऊ आपल्याकडेही आहे, वाळुंज. नदी-ओढ्याच्या काठी वाढतो, पाण्यात पाय बुडवून उभा असतो. पण पुण्यातल्या नदीकाठी उरलेल्या वाळुंजाला हात लावू नका, अशी माझी विनंती आहे. आधीच काठाला झाडं किती राहिली आहेत?

बांबू घ्या. तोही कुठलाही नाही. कळक मोठा आणि पोकळ असतो, मंडपाला उत्तम. पण आपल्याला हवी ती मेस, भरीव अंगाची, किंवा कोकणातला माणगा. पहिल्या खेपेला मला हे कळलं नव्हतं. टिंबर मार्केटमधून सरळसोट जाड कळक आणला, चिरला, रंध्याने गुळगुळीत केला, पेरं तासून सपाट केली. २७ वर्षं स्प्रूस लाकडावर रंधा मारलेल्या माणसाला गाठ दिसली की हात शिवशिवतात. प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी पंखाच्या तारा ताणायला घेतल्या आणि उजव्या पंखाचा पुढचा दांडा कडकन मोडला. नेमका पेरावर. मुलं गप्प झाली. एक मुलगी रडायला लागली, कारण त्या दांड्यावर तिने आठवडाभर सुतळी गुंडाळली होती.

दुसऱ्या दिवशी तो तुकडा घेऊन बुरूड आळीत गेलो. एक वयस्क कारागीर सूप विणत बसले होते. त्यांनी तुकडा उलटसुलट केला आणि म्हणाले, “काका, पेर कशाला सोललंत? आणि पाठ कुठंय याची?” पाठ म्हणजे बांबूची बाहेरची हिरवी, चकचकीत साल. बांबूचे सगळ्यात दाट आणि चिवट धागे तिथेच असतात, आत जावं तसे ते विरळ होत जातात. मी रंधा मारून नेमकं तेच काढून टाकलं होतं, आणि पेरावरचे धागे कापले होते. लाकूड सगळीकडून थोडंफार सारखं असतं, बांबू तसा नसतो. २७ वर्षांच्या कामात ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, कारण तिथे बांबूचं काम कधी आलंच नाही.

त्यांनी मला पाच दिवस समोर बसवून शिकवलं. कोयत्याने बांबू चिरताना पातं ढकलायचं नाही, चीर आपोआप धावते, तिला फक्त मधोमध ठेवायची. ती एका बाजूला पळायला लागली की जाड बाजूकडे वाकवायचं, मग ती परत मध्यावर येते. कामटी शेकून वाकवायची तर पाठ बाहेरच्या बाजूला ठेवायची. बांबू ओला असतानाच चिरायचा. आणि आणल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे आतला पिठूळ गोडवा निघून जातो. नाहीतर वर्षभरात कीड लागते आणि ग्लायडरखालच्या फरशीवर पिवळी पावडर दिसायला लागते.

प्रदर्शन चुकलं. ग्लायडर दोन महिन्यांनी झाला. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

आता पीव्हीसी. पाइपचा ग्लायडर स्वस्त होईल आणि लवकरही होईल. पण तो वजनाने लोंबेल, कमान धरणार नाही आणि मुलांना चुकीचं शिकवेल. विलो का? हा प्रश्न त्यांच्या मनात कधी येणारच नाही. विलो हलका, वाकतो, आणि मोडला तरी धाग्याधाग्याने मोडतो, आधी करकरतो. २० किलोत माणूस उचलणारा पंख बसवायचा तर प्रत्येक काठीला नमतं घेऊन पुन्हा ताठ होता आलं पाहिजे. हे मूल कामटी हातात धरून वाकवतं तेव्हा त्याला सांगावं लागत नाही. आमचा ग्लायडर २६ किलो भरला. सहा किलो जास्त. मूळ कारागिरांनी ते सहा किलो कुठे वाचवले असतील, यावर मुलांनी तासभर वाद घातला. तो तास मला सगळ्या प्रदर्शनापेक्षा मोलाचा वाटतो.

पंखाला कापड कोणतं आणि त्याला वरून काय लावायचं? साबुदाण्याची खळ चालेल का? — एक वाचक, चिंचवड

कापड मांजरपाट, घट्ट विणीचं. रविवार पेठेतल्या कापडगंजात मिळतं. ४४ इंची पन्ह्याचं साधारण १८ मीटर आणा. पंख आणि शेपूट त्यात होतात आणि चुकलेल्या कापणीला थोडं उरतंही. आणण्याआधी कापड तोंडाला लावून फुंकून बघा. हवा सहज पलीकडे गेली तर ते नको. मूळ कापडालाही हवा अडवणारा लेप दिलेला असे.

खळीचा मोह मलाही झाला. आईच्या सुती पातळांना लावायचो ती आठवण होती. पहिल्या पावसाळ्यात खळ मऊ पडली, कापड लोंबलं आणि झुरळं आली. ग्लायडरच्या वर्कशॉपात आम्ही डोप नावाचा लेप लावत असू. ते सुकताना कापड ढोलाच्या पानासारखं ताणून घेतं. पण ते पटकन पेट घेतं आणि त्याच्या वाफेने डोकं जड होतं. शाळेत ते आणूच नका. पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल, ब्रशने दोन हात, मधे एक दिवस सुकवून. बस.

आम्ही इंजिनिअरिंगचे चार मित्र आहोत. तुमच्या पद्धतीने ग्लायडर बांधला तर वेताळ टेकडीवरून किंवा सिंहगडाच्या पायथ्याच्या उतारावरून छोटी झेप घेता येईल का? लिलिएन्थालने तर हजारो घेतल्या. — कोथरूड

नाही. उडवू नका.

मुलांनो, मी तुमच्या वयाचा असताना मलाही हेच वाटायचं, म्हणून एका शब्दात उत्तर देऊन तुम्हाला बाजूला करणार नाही. हिशोब मांडू.

ग्लायडर २६ किलो, तुमच्यातला सगळ्यात हलका ६४ किलो, एकूण ९०. पंख १३ चौरस मीटर. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, त्यात दुपारी ऊन. म्हणजे बर्लिनपेक्षा हवा विरळ. पंखाचा उचल गुणांक, म्हणजे तो किती उचलतो ते सांगणारा आकडा, १ धरला तर तरंगत राहायला ताशी सुमारे ४० किलोमीटरचा वारा पंखावर हवा. समोरून ताशी २० चा वारा मिळाला तरी उरलेले २० तुम्हाला पळून काढायचे आहेत, उतारावर, दोन्ही कोपरं चौकटीत अडकलेली आणि २२ फूट पंख अंगावर. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाची झाडं आणि सुटे दगड आहेत. आणि उतार एकाच दिशेला. वारा फिरला की संपलं.

लिलिएन्थालला हे माहीत होतं. म्हणून १८९४ मध्ये त्याने बर्लिनजवळ लिख्टरफेल्डे इथे स्वतः मातीची टेकडी रचवून घेतली. १५ मीटर उंच, गोल, शंकूसारखी. वारा कुठूनही आला तरी त्याच्या तोंडावर धावता यावं म्हणून. १८९१ मध्ये त्याने सुरुवात केली ती २५ मीटरच्या झेपांनी, आणि पुढे ऱ्हिनोव्हच्या टेकड्यांवरून २५० मीटरपर्यंत गेला. पाच वर्षांत २००० च्या वर उड्डाणं. इतका सराव पृथ्वीवर दुसऱ्या कुणाचाही नव्हता. तरी ९ ऑगस्ट १८९६ ला श्टोल्न गावाजवळ गोलेनबर्ग टेकडीवर उन्हातल्या हवेची एक उसळी आली, ग्लायडरचं नाक वर गेलं, वेग गेला आणि तो सुमारे १५ मीटरवरून खाली आला. मान मोडली. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय ४८.

दोष कुठे होता, ते मला आमच्या ग्लायडरच्या चौकटीत स्वतः शिरल्यावर कळलं. आजच्या हँग ग्लायडरमध्ये माणूस पट्ट्याने लोंबकळतो आणि समोरचा त्रिकोणी दांडा ढकलून सगळं शरीर पुढे, मागे, बाजूला नेतो. लिलिएन्थालच्या चौकटीत कोपरं जागच्या जागी बांधलेली. छातीपर्यंतचं शरीर अडकलेलं, झुलवायला फक्त कमरेखालचं अंग. त्यातून वजन हलून किती हलणार? त्यात शेपटीचं आडवं पान वरच्या बाजूला मोकळं उचललं जाईल असं बिजागरीवर. उतरताना ते सोयीचं होतं. नाक वर गेलेलं असताना मात्र त्याची काही मदत होत नाही.

आम्ही तो शाळेच्या मैदानावर जमिनीवरच चालवून पाहिला. दोन्ही टोकांना दोन-दोन मोठी माणसं दोऱ्या धरून, मी मधे, आणि मुलं कुंपणाच्या पलीकडे. मार्गशीर्षातली सकाळ, पश्चिमेकडून मंद वारा. दहा-बारा पावलं धावलो आणि खांद्यावरचे २६ किलो नाहीसे झाले. हलके झाले नाहीत, नाहीसेच झाले. उलट ग्लायडर मला काखेत धरून वर ओढायला लागला. हडपसरला २७ वर्षं दुसऱ्यांना उडताना पाहिलं, पण पंख असा अंगाला कधी लागला नव्हता. मग डावं टोक उचललं गेलं. काय करायचं ते मला पाठ होतं. जे टोक वर जातं, त्याच बाजूला पाय फेकायचे, म्हणजे वजन तिकडे जाऊन ते खाली येतं. आणि माझे पाय उजवीकडे गेले. ज्या बाजूला पडतोय त्या बाजूला आधार शोधायला. शरीराला ते शिकवावं लागत नाही, ते त्याचं जन्माचं शहाणपण आहे आणि इथे तेच घात करतं. दोरीवाल्यांनी आवरलं, तरी नाक जमिनीला टेकलंच.

ही उंची शून्य होती. तुमची टेकडी शून्य नाही.

जगात हे काम शिस्तीने कसं केलं गेलं, तेही सांगतो. जर्मनीच्या अंतराळ आणि विमानविद्या संशोधन केंद्रातल्या मार्कुस राफेल यांनी लिलिएन्थालच्या जन्मगावी, आन्क्लामला असलेल्या संग्रहालयाच्या साथीने याच ग्लायडरची काटेकोर प्रतिकृती करवली. ती आधी २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या मोठ्या वातबोगद्यात, म्हणजे हवेचा झोत सोडून वस्तू तपासतात त्या बोगद्यात, बसवली आणि सगळ्या बाजूंनी मोजली. ग्लायडर मुळात स्थिर आहे, म्हणजे शांत हवेत थोडा डळमळला तर स्वतः सावरतो, हे त्यातून आकड्यांनी सिद्ध झालं. त्यानंतर राफेल स्वतः त्यात शिरले, आणि तेही मऊ वाळूच्या उतारावर, कमी उंचीवर. आधी आकडे, मग वाळू. तुमच्याकडे दोन्ही नाही. शिवाय पुण्याचं आकाश लोहगावच्या विमानतळामुळे नियंत्रित आहे, हेही विसरू नका.

उडायचंच असेल तर कामशेतला जा, पॅराग्लायडिंग रीतसर शिका. सहा महिन्यांनी मला पुन्हा पत्र लिहा. मग लिलिएन्थालच्या धैर्याविषयी तुम्ही मला सांगाल, मी ऐकेन. तोवर ग्लायडर बांधा, दोऱ्या धरून मैदानावर चालवा, सोबत मोठी माणसं ठेवा. तुमच्या कॉलेजात छोटा वातबोगदा असेल तर सहाव्या हिश्शाचा पंख करून त्यात घाला. नाक वर नेत नेत कुठे उचल अचानक पडते, ते डोळ्यांनी बघा.

परक्यांच्या प्रतिकृती करण्यापेक्षा आपल्या शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ च्या विमानाची का करत नाही? — एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

आपल्या पत्रातली तळमळ मला समजते आणि तिचा मी आदर करतो. त्यांचं विमान मुंबईच्या चौपाटीवर उडालं, ही कथा लहानपणी ऐकून मीही भारावलो होतो. शिवकर बापूजी तळपदे नावाचा जिज्ञासू माणूस मुंबईत होऊन गेला, विमानाचा ध्यास घेतला, हे खरं.

पण प्रतिकृती म्हणजे काय? प्रत्येक काठी इथे का, याला पुरावा हवा. माप हवं, फोटो हवा, निदान मूळ वस्तूचा एखादा तुकडा. तळपदे यांच्या यंत्राचं यातलं काहीच आपल्या हाती आलेलं नाही. चौपाटीवर ते उडालं याचाही त्या काळचा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. त्यांच्या नावाशी जोडलं जाणारं ‘वैमानिक शास्त्र’ हे पुस्तक घ्यावं, तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये ते बारकाईने तपासलं. तो मजकूर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांतला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी सकारण मांडला. मग मी जे बांधेन ते तळपदे यांचं नसेल, माझ्या मनातलं असेल. त्यावर त्यांचं नाव लिहिणं हा त्यांच्यावरच अन्याय होईल.

आपल्या अभिमानाला जागा हवी असेल तर ‘रोहिणी’ची प्रतिकृती करू या. ती आपल्याच नागरी विमान खात्यात आखली गेली, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाली, आणि तिच्या पंखांवर मी हात फिरवला आहे. कुणी जागा देणार असेल तर मी उद्या येतो.

काका, ज्या ग्लायडरमधून पडून माणूस मेला तोच तुम्ही का बनवला? न पडणारा का नाही बनवला? — एक मुलगी, इयत्ता सातवी, हडपसर

तुझा प्रश्न मी चार वेळा वाचला, बाळ.

तो पडला त्याची बातमी समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली. तिथे डेटन नावाच्या गावी दोन भाऊ सायकलचं दुकान चालवत होते. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. त्यांनी ती बातमी वाचली आणि उडण्याचा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. त्यांनी लिलिएन्थालचे आकडे घेतले, अडले तिथे स्वतःचा छोटा वातबोगदा करून पुन्हा मोजले. अंग झुलवून ग्लायडर आवरणं पुरेसं नाही हे ओळखून त्यांनी पंखच पिळायची युक्ती काढली. १९०२ च्या शरद ऋतूत त्यांनी वाळूच्या टेकड्यांवर सुमारे हजार वेळा उडून ती पक्की केली. त्यांच्यानंतरच्या सगळ्या विमानांनी पुढे तेच केलं. तुझ्या घरावरून लोहगावकडे उतरणारी विमानंसुद्धा पंखांच्या कडा हलवूनच तोल सावरतात. खिडकीशेजारी बसायला मिळालं की बघ.

न पडणारा ग्लायडर बांधला असता तर कुठे काय चुकलं होतं हे मला तुला दाखवता आलं नसतं. तू चौकटीत उभी राहिलीस, कोपरं अडकवलीस आणि पाय हलवून पाहिलेस की दोन मिनिटांत तुला कळेल, माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा लवकर.

आणि तो काही बेपर्वा नव्हता. ग्लायडरच्या पुढे विलोचं एक वाकवलेलं कडं असायचं, पडलो तर आधी ते जमिनीला लागावं म्हणून. १८९४ मध्ये एकदा असाच पडला, कड्याच्या चिंधड्या झाल्या आणि तो वाचला. आम्ही ते वेताचं केलं. मैदानावर त्या सकाळी नाक टेकलं तेव्हा आधी तेच लागलं. ते मोडलं, माझ्या गुडघ्याला साधं खरचटलंही नाही.

आईबाबांबरोबर ग्लायडर पाहायला ये. समोरून खाली वाकून बघ. कड्यावर डावीकडे वीतभर जागेत गुंडाळलेला दोरा बाकीच्यापेक्षा पांढरा दिसेल. ती नंतरची बांधणी आहे, आणि ती ज्या मुलीने केली ती आता बारावीत आहे.